तारमास्तरांचा हात

हौशी रेडिओवाली माणसं बाहेरून पाहणाऱ्याला जरा चक्रम वाटतात, आणि ते फारसं चूक नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याचं तोंड कधी पाहायचं नाही, बोलायचं ते हवापाण्याबद्दल आणि आपापल्या सेटबद्दल, आणि बोलून झालं की पोस्टानं एक छापील कार्ड पाठवायचं, की हो, आपण बोललो होतो. एवढ्यासाठी सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं आणि घरच्यांचे टोमणे ऐकायचे. मी तेव्हा दादरला मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते आणि क्लबातली एकुलती एक बाई होते. माझी आई शेजारणींना सांगायची, "तिचा शनिवारी क्लास असतो." कसला, ते सांगायची नाही.

क्लब गिरगावात एका छापखान्याच्या माडीवर भरायचा. सेक्रेटरी पारशी होते, खजिनदार गुजराती, बाकी आम्ही मराठी, गोवेकर, एक-दोन मद्राशी. हवेवर, म्हणजे सेटवरून, राजकारण आणि धर्म बोलायचा नाही असा सरकारचा नियम आहे. सेक्रेटरींनी तो माडीवरही लागू केला होता. संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. खाली रस्त्यावर मुंबई कुणाची ह्यावरून डोकी फुटत होती, अश्रुधुराचा वास जिन्यापर्यंत यायचा, आणि आम्ही खिडक्या लावून कंडेन्सरबद्दल बोलत बसायचो. मला ते तेव्हा हास्यास्पद वाटायचं. पण त्या काळात मुंबईतले बरेच क्लब फुटले आणि आमचा फुटला नाही, हेही खरं.

मला मोर्स शिकवलं ते तारमास्तरांनी. ते तार ऑफिसातून निवृत्त झालेले, मुंबईच्या फार जुन्या घराण्यातले, गिरगावातच राहणारे. उंच, सडसडीत, उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट. क्लबात वयानं सगळ्यात मोठे, पण हवेवर प्रत्येक पुरुषाला 'ओल्ड मॅन' म्हणायची रीत असल्यामुळे कॉलेजातली पोरंही त्यांच्याइतकीच म्हातारी होती.

मोर्स म्हणजे ठिपके आणि रेघा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण दोन माणसांचे ठिपके कधी सारखे नसतात. कुणी रेघ ओढतो, कुणी दोन अक्षरांच्या मधे दम खातो, कुणी शब्दाच्या शेवटी घाई करतो. त्याला आमच्यात 'हात' म्हणतात, आणि सरावलेल्या कानाला नाव न सांगता कळतं की पलीकडे कोण बसलंय. मास्तरांचा हात ऐकत राहावा असा होता. रविवारी सकाळी ते सिलोनच्या एका डॉक्टरांशी बोलायचे. हे डॉक्टर तिथल्या डोंगरात चहाच्या मळ्यावर होते. दोघांची ओळख लढाईनंतरची, भेट एकदाही नाही. मी घरी माझ्या सेटवर त्यांचं बोलणं सरावासाठी ऐकायचे. दोघं पत्ते पिसावेत तशा वेगानं बोलायचे आणि मला निम्मंअधिक कळायचं नाही.

दिवाळीनंतर ते रविवारचं बोलणं बंद झालं. मी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "सेटचा व्हॉल्व्ह गेलाय बाई, आणि परदेशातून मागवायला बंदी आहे." ते खरंही असू शकत होतं. तेव्हा व्हॉल्व्ह मिळत नसत. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नव्या राज्याचा दिवस ठरला आणि शहरात जो तो काहीतरी करायला निघाला. परळला एका हौशी कारखानदारानं बंगल्यात जुन्या यंत्रांचं खाजगी म्युझियम केलं होतं. शिवणयंत्रं, घड्याळं, मागाचे छोटे नमुने, बर्फ करायचं एक प्रचंड धूड, आणि दारूकामाच्या नळ्यांशेजारी कपाटात तारयंत्रं. त्यांनी क्लबाला विचारलं, त्या रविवारी आमच्या दिवाणखान्यातून रेडिओ केंद्र चालवाल का? सेक्रेटरी हुरळून गेले. दिल्लीहून परवानगी आणली, त्या दिवसापुरतं खास केंद्राचं नाव मिळवलं आणि पाळ्या लावल्या. पहिली पाळी अर्थात मास्तरांची, शेजारी नोंदी लिहायला मी.

एक अडचण सेक्रेटरींनी माडीवरच काढली. पत्ता काय सांगायचा? 'मुंबई' ठीक, पुढे 'महाराष्ट्र' म्हणायचं की नाही? ते राजकारण होईल का? खजिनदार म्हणाले, "शनिवार रात्रीपर्यंत राजकारण आहे, रविवारपासून पत्ता आहे." सगळे हसले, सेक्रेटरीही. पाच वर्षांत त्या माडीवर त्या विषयावर उच्चारलं गेलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते खजिनदारांनी उच्चारावं ह्याचं मला बरं वाटलं.

आदल्या दिवशी आम्ही सामान लावायला गेलो. एरियलची तार बंगल्याच्या गच्चीवरून समोरच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर बांधायची होती. चाळकऱ्यांनी तक्रार केली नाही. फक्त तासाभरात सिग्नल पार मेला म्हणून मी बाहेर जाऊन पाहिलं, तर तारेवर नऊवारी लुगडं वाळत होतं. मी खालून हाक मारली तेव्हा लुगडंवाली म्हणाली, "अवो, दोरीसारखी दोरी हाय, रिकामी कशापायी ठेवायची?" ह्याला पदार्थविज्ञानात उत्तर नाही. तिनं लुगडं काढलं, पण उपकार केल्यासारखं.

मी परत आले तेव्हा मास्तर व्हरांड्यात चहा घेत होते. कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, ओंजळीत धरावा तसा, आणि तरी बशीत चहा सांडला होता. मला पाहून त्यांनी कप खाली ठेवायचा प्रयत्न केला आणि तो बशीवर वाजत राहिला. थांबेना. शेवटी त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरला.

मी म्हटलं, "मास्तर, पहिली पाळी मी करू का? तुम्ही नोंदी लिहा."

"लिहिता तरी कुठे येतंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "कानाला काही झालेलं नाही. कान तसेच आहेत. हे मनगटाखालीच."

म्हणजे व्हॉल्व्ह धड होता. डॉक्टरांना हात ऐकवायचा नव्हता म्हणून त्यांनी रविवार बंद केले होते. मी म्हटलं, सेक्रेटरींना सांगते, कुणी काही मनावर घेणार नाही. त्यावर ते चिडले. मास्तर चिडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"बाई, गोळीबार झाला त्या आठवड्यात मी ड्यूटीवर होतो," ते म्हणाले. "वार्ताहरांच्या तारा गेल्या त्या माझ्या हातानं गेल्या. सरकारच्याही माझ्याच हातानं. इतके मेले, इतके नाही मेले. मेलेल्यांच्या गावाला तारा गेल्या त्याही. हरताळाच्या दिवशीसुद्धा मी कामावर जायचो, जावंच लागायचं, आणि संध्याकाळी चाळीत आलो की गॅलरीतली माणसं आत निघून जायची. सरकारचा माणूस. एक अक्षर माझ्या मनाचं पाठवलं नाही मी चौतीस वर्षांत. महाराष्ट्र, हा एक शब्द मला माझ्या हातानं पाठवायचाय. नुसता गेला म्हणजे झालं नाही, माझ्या हातानं गेला पाहिजे. मग ही पोरं बसू देत की दिवसभर."

मी सेक्रेटरींना काही सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नव्हतंच.

रविवारी सकाळी परळला सगळीकडे पताका होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर लेझीम चालली होती, माणसं नवे कपडे घालून नुसतीच इकडून तिकडे चालत होती. म्युझियमला फुकट प्रवेश होता, त्यामुळे दिवाणखाना लवकर भरला. आत आल्यावर त्यांना पहिली गोष्ट कळली ती ही, की पंखे बंद आहेत. पंख्यांच्या मोटारींनी सेटमधे खरखर यायची. सेक्रेटरी दर पाच मिनिटांनी हात जोडून सांगत होते, "थोडा त्रास सहन करा, प्लीज, सायन्सचं काम आहे." मे महिन्यात शंभर माणसं बंद पंख्यांखाली घाम पुसत सायन्सकडे पाहत होती. मास्तरांनी कोट काढला नव्हता.

ते 'की'समोर, म्हणजे मोर्स वाजवायच्या खटक्यासमोर बसले, उजवं मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं आणि हाक दिली. आमचं बोलणं लाउडस्पीकरवर लावलं होतं, म्हणजे लोकांना मोर्स ऐकता यावं. लोकांना ते सगळं सारखंच. मला मात्र पहिल्या अक्षरालाच कळलं. तीन ठिपक्यांच्या जागी चार पडत होते, चारच्या जागी पाच. मग ते थांबत आणि पुन्हा देत. रेघा ठीक होत्या, पण ठिपका म्हणजे हलका हात, आणि नेमका तोच राहिला नव्हता. एखादं मूल पहिल्यांदा पाटीवर गिरवतं आणि मधेच बोटानं पुसतं, तसं चाललं होतं.

सेक्रेटरी लगबगीनं आले. त्यांनाही मोर्स येत होतं. "ही की सैल झालीय का, मास्तर?" म्हणून त्यांनी स्क्रू पिळला, फट कमी केली, वाकून फुंकर मारली. मास्तरांनी त्यांना ते सगळं करू दिलं. "आता ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि लोकांकडे वळले.

पहिलं उत्तर कोलंबोच्या बंदरावरच्या कुणाचं तरी आलं. अगदी स्वच्छ, आणि अगदी हळू. अक्षर, मग थांबा. अक्षर, मग थांबा. मला न लिहिता कळत होतं, इतकं हळू. मग पूर्व आफ्रिकेतून एक जण आला, तोही तसाच. मग जपानमधून एक.

आमच्यात रीत आहे, समोरचा ज्या वेगानं हाक देतो त्याच वेगानं त्याला उत्तर द्यायचं. कुणी अडखळत असेल तर आपण त्याच्याहून हळू व्हायचं. नवा असेल, घाबरलेला असेल, त्याला वाटू द्यायचं नाही की तो मागे पडतोय. ही शिस्त कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडणाऱ्याला हवेवर मान नसतो. मला ती मास्तरांनीच शिकवली होती. मी परीक्षा देऊन पहिल्यांदा हाक दिली तेव्हा जगातल्या कुणाकुणा अनोळखी माणसांनी माझ्यासाठी पाऊल हळू केलं होतं, आणि मला ते फार छान वाटलं होतं.

आता तीच माणसं मास्तरांना सांभाळून घेत होती. खास केंद्र असल्यामुळे नाव आणि हाकेची खूण, म्हणजे कॉलसाइन, वेगळी, समोर कोण बसलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी आपलं साधं अनुमान काढलं, की मुंबईच्या क्लबानं सणाच्या दिवशी एखाद्या शिकाऊ पोराला बसवलंय. मास्तरांना हे पहिल्याच उत्तराला कळलं असणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुढे पाठवलं. पत्ता आला की सगळ्यात जास्त त्रास. महाराष्ट्र हा शब्द मोर्समधे ठिपक्यांनी भरलेला आहे, इंग्रजी स्पेलिंगातल्या नुसत्या एस आणि एच ह्या दोन अक्षरांतच सात. प्रत्येक वेळी तो त्यांना दोनदा, कधी तीनदा द्यावा लागत होता. पलीकडचे तो परत म्हणून दाखवत, हळू, बरोबर, शाबास म्हटल्यासारखा.

शब्द गेला होता. कोलंबोला गेला, आफ्रिकेला गेला, जपानला गेला. पण मास्तरांच्या हाताचा म्हणून कुठेच गेला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. मला रडू येत होतं, आणि शंभर माणसांसमोर शाळेतल्या बाईनं रडणं बरं दिसलं नसतं.

जपानवाल्याला निरोप देऊन ते माझ्याकडे वळले. "घ्या तुम्ही," म्हणाले. आवाजात काहीही नव्हतं. मी खुर्ची सरकवली, आणि तेवढ्यात आणखी एक हाक आली.

खूण ऐकायची गरज नव्हती. शब्दाची शेवटची रेघ अशी ओढणारा माणूस मला रविवारांमुळे पाठ होता. सिलोनचे डॉक्टर. पण तेही हळू. इतक्या हळू मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. घोड्यावरून उतरून कुणाबरोबर पायी चालावं तसे ते बोलत होते.

मास्तरांचा हात 'की'वरच राहिला. मी पेन्सिल उचलली. डॉक्टर म्हणाले, नव्या राज्याबद्दल अभिनंदन. तुमचा सिग्नल छान येतोय. घाई करू नका. आपण नवे दिसता. आम्ही सगळेच एकदा नवे होतो, हात बसतो. मग थोडं थांबून म्हणाले, मुंबईत माझा एक मित्र आहे. गिरगावात राहतो. त्याच्यासारखा हात मी दुसरा ऐकला नाही. त्याला गाठा, तो तुम्हाला शिकवील. आणि त्याला माझा निरोप सांगा, की दिवाळीपासून माझे रविवार रिकामे जातात. आजारी आहे की माझं काही चुकलं, एवढं त्यानं कळवावं.

सेक्रेटरी लोकांना बर्फाच्या यंत्राबद्दल काहीतरी सांगत होते, ते मधेच थांबले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग स्क्रूकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

निरोप सांगतो, एवढं पाठवून मोकळं होता आलं असतं. आमच्या बोलण्यात ते बसलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. मला वाटलं मास्तर तेच करणार. त्यांनी मनगट पुन्हा टेबलाला दाबलं. एक ठिपका जास्त पडला, तो त्यांनी खोडला, पुन्हा दिला. मीच तो, असं पाठवलं. आणि मग स्वतःची खूण, लायसन्सवरची, सबंध. खास केंद्रावरून दुसरी कुठलीही खूण द्यायची नाही असा परवान्यात स्पष्ट नियम होता आणि तो सेक्रेटरींनी आम्हाला तीनदा वाचून दाखवला होता. सेक्रेटरी छताकडे पाहू लागले. मास्तर थांबले नाहीत. हात गेलाय, त्यांनी पाठवलं. कान आहेत.

मग सेटवर नुसती हवा. कुणीतरी मागून म्हणालं, "बंद पडलं वाटतं." दुसरं कुणी म्हणालं, "मग आता पंखा लावा की रे."

आणि मग डॉक्टर सुटले. एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं त्यांनी एकदम सोडलं. लाउडस्पीकरमधून नुसता पाऊस, अक्षराला अक्षर लागलेलं, जुन्या रविवारांच्या वेगाच्याही वर. लोक गप्प झाले. काय चाललंय हे न कळूनही गप्प झाले. मी दोन शब्द लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली, कारण तो वेग माझा नव्हताच. मला त्यातले दोनच शब्द धरता आले, एक 'गाढव' आणि एक 'रविवार'. मास्तर काही लिहीत नव्हते. कोटाचं वरचं बटण त्यांनी उघडलं होतं, डोळे मिटले होते आणि ते ऐकत होते. कान खरोखरच तसेच होते. एकदा ते मोठ्यानं हसले.

उत्तर त्यांनी त्यांच्या त्या नव्या, खाचाखोचांच्या हातानं दिलं. एक शब्द पाठवायला त्यांना लागे तेवढ्यात डॉक्टरांची चार वाक्यं होत. एक जण धावतोय, एक जण चालतोय, आणि दोघांनाही त्याचं काही नाही, असं ते बराच वेळ चाललं. शेवटी मास्तरांनी पत्ता दिला, मुंबई, महाराष्ट्र. त्या सात ठिपक्यांतले काही चुकले. डॉक्टरांनी तो परत म्हणून दाखवला नाही. कळलं, एवढंच म्हणाले, आणि पुढे बोलत राहिले.

मास्तरांनी मग मला खुर्ची दिलीच नाही. दुपारपर्यंत ते बसले. जग त्यांच्याशी हळू बोलत राहिलं, घाई करू नका म्हणत राहिलं, आणि ते प्रत्येकाला सावकाश आभार देत राहिले. देशांची संख्या फारच कमी भरली, त्याबद्दल सेक्रेटरी नंतर कितीतरी दिवस कुरकुरत होते. नियमाबद्दल मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत.

बंगल्याबाहेर पडताना मी विचारलं, "मास्तर, डॉक्टर एवढं काय बोलत होते?"

"शिव्या देत होता," मास्तर म्हणाले. "सहा महिन्यांच्या साठलेल्या."

मला त्यांचा हेवा वाटला. त्यानंतर मीही पुष्कळ वर्षं हवेवर काढली. पुष्कळ देशांतली सभ्य माणसं माझ्याशी माझ्या वेगानं बोलली. पण इतक्या भरधाव, आणि मला कळेलच अशा खात्रीनं, कुणी मला कधी रागावलं नाही.